लोइसबाईंचं घर आणि पाऊण फूट

सगळ्यात आधी लोइसबाईंचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. मिनेसोटातल्या त्या गावात आठवडाभर माझ्या पायांत जे बूट होते ते त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचे. आणि ज्या सकाळी माझ्यामुळे त्यांचं अख्खं घर भर रस्त्यात अडकलं, त्या सकाळी माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या त्याही त्याच. माझी त्यांची ओळख तेव्हा तीन दिवसांची होती.

मी आठवीतून शाळा सोडली. भोरला बांधकाम खात्यात रोजंदारीवर लागलो, मग मैलकुली झालो, निवृत्त झालो तेव्हा मुकादम होतो. सगळा जन्म खडी, मुरूम आणि डांबरात गेला. वहीतल्या दोन ओळींपलीकडे लिहायची सवय नाही. पण परत आल्यापासून जो तो विचारतो, "अमेरिकेत काय पाहिलंत?" रस्ता पाहिला म्हटलं की हसतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कॅरी

माझी धाकटी बहीण शालन अमेरिकेत दक्षिणेकडे, कॅरी नावाच्या गावात असते. मेव्हणे औषधांच्या कंपनीत आहेत. मी तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेलो होतो. तिथं मी आपला जपूनच वावरायचो. नळ सोडला तरी जास्त तर सोडला नाही ना, असं वाटायचं. कुणी काही पुढे केलं की "थोडंच" म्हणायचं, हा माझा नियम. पाहुण्यानं भार होऊ नये.

मार्चच्या सुरुवातीला शालनच्या मुलीचा, अनघाचा फोन आला. ती वर उत्तरेला मिनेसोटात एकटी राहते, नोकरीतला तिचा पहिलाच हिवाळा. बर्फावर घसरून तिचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं. शालनला रजा मिळेना.

"दादा, तू जाशील का आठवडाभर? काही करू नकोस. नुसता सोबतीला."

"मी? एकटा? वाटेत विमान बदलायचं असलं तर?"

"सरळ जातं रे विमान. बसायचं आणि उतरायचं."

मी बसलो आणि उतरलो. मधल्या वेळात काय काय मनात आलं ते लिहीत नाही.

सोमवार

अनघा तिथल्या काउंटीच्या रस्तेखात्यात इंजिनियर आहे. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. गाडीत तिनं मला तिचं काम सांगितलं, आणि मला खरंच हसू आलं.

"थंडी मोजतेस?"

"थंडी नाही मामा, फ्रॉस्ट. रोडच्या खाली जे पाणी असतं ना, ते फ्रीज होतं. ते किती डीप गेलंय, ते."

हिवाळाभर तिथली जमीन चार-साडेचार फूट खोल गोठते. दगडच. त्या दिवसांत रस्ता इतका पक्का असतो की त्यावरून डोंगर न्यावा. खरी भीती मार्चात. ऊन लागलं की रस्ता वरून वितळायला लागतो. वितळलेलं पाणी खाली मुरावं तर खाली अजून बर्फाची फरशी. पाणी मधेच कोंडतं. वर डांबराची पोळी, तिच्या पोटात चिखल, आणि त्याखाली फरशी. अशा रस्त्यावरून जड गाडी गेली की तो फाटतो. आमच्याकडे हे काम पाऊस करतो. तिथं ऊन करतं, एवढाच फरक.

म्हणून वितळणं सुरू व्हायच्या बेतात जड वाहनांना बंदी घालतात. ती कधी घालायची, हे अनघानं सांगायचं. दोन वाटांनी सांगायचं. एक, गणितानं: रोजच्या गारठ्याची आणि उबेची बेरीज-वजाबाकी करत राहायची. डांबर काळं, ते ऊन पितं, म्हणून हवा गोठवणारी असली तरी रस्त्याची ऊब वेगळी धरायची. दुसरी, नळीनं. रस्त्यात ठिकठिकाणी झाकणाखाली भोकं आहेत. प्रत्येकात एक लांब पारदर्शक नळी, तिच्यात हिरवं पाणी. ते गोठलं की रंग उडून पांढुरकं होतं, वितळलं की परत हिरवं. नळी वर ओढायची, वरून हिरवं कुठे संपतं आणि खाली पांढरं कुठवर जातं ते वाचायचं, परत खाली सोडायची. नळीवर दर तीन इंचांवर बारीक रेघ आणि फुटाला जाड रेघ होती.

एका हातानं नळी ओढून लिहिणं तिला जमेना. तिच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, मामांना पिवळं जाकीट घाला आणि न्या बरोबर. मी नळी ओढून मोठ्यानं वाचायचो, ती गाडीत बसून डाव्या हातानं टॅबवर लिहायची. परक्या देशातल्या सरकारी वस्तूला मी हात लावतोय, कुणी विचारलं तर काय सांगू, या धास्तीनं पहिली नळी मी इकडेतिकडे बघूनच ओढली.

"खाली सव्वाचार," मी ओरडलो.

"सव्वा मीन्स?"

"चार आणि वर पाव."

"ओके. सव्वा इज प्लस पाव. गॉट इट."

हुशार पोरगी. जे माहीत नाही ते लगेच विचारते, हे मला तेव्हा फार आवडलं.

पहिली नळी एका तळ्याच्या काठी होती. तळं असं गोठलेलं की माणसं त्यावर मोटारी उभ्या करून मासे धरत होती. मला ते बघवेना. तिथंच लोइसबाईंचं घर. पंच्याहत्तरीच्या, काटक, डोक्यावर लोकरीची टोपी. त्यांनी आधी माझ्या पायांतले कॅरीचे कापडी बूट पाहिले, आत गेल्या आणि आतून लोकर लावलेले चामड्याचे बूट घेऊन आल्या. अनघा माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, घाला." लोइसबाईंना वाटलं माझं नावच मामा. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई. त्या इतक्या हसल्या की टोपी घसरली. अनघानं मला सांगितलं, "ती म्हणते, माझ्या नवऱ्याच्या बुटांत शेवटी एक आई उभी राहिली." त्यानंतर सगळं गाव मला मामा म्हणायला लागलं.

ते घर तिथं फार दिवस राहणार नव्हतं. तळ्याचा काठ दर वर्षी ढासळत होता. घराची मागची भिंत काठापासून आता पाच पावलांवर आली होती. म्हणून लोइसबाई घर हलवणार होत्या. सामान नाही, घरच. लाकडी घर जोत्यावरून उचलून, खाली लोखंडी तुळया सारून, चाकांवर ठेवून नऊ मैलांवर मुलीच्या शेतात न्यायचं. नवऱ्यानं स्वतःच्या हातांनी बांधलेलं घर, म्हणून पाडवत नव्हतं. रस्ता गोठलेला असेपर्यंतच ते जाऊ शकत होतं. बंदी लागली की थेट मे महिना.

घर नेणारा माणूस कर्ट. त्याला गुरुवार हवा होता. अनघाच्या गणितानं अजून पाच दिवस हातात होते, पण नळ्यांनी होय म्हटल्याशिवाय ती परवानगीवर सही करणार नव्हती. त्या वाटेवर सात नळ्या होत्या. त्या दिवशी सातही वरपासून पांढऱ्या होत्या.

मंगळवार, बुधवार

घरी अनघा कॉफी पिते. माझ्यासाठी मात्र रोज चहा करायची, प्लास्टर सांभाळत, आलं किसून. "किती देऊ?" विचारायची. मी सवयीनं म्हणायचो, "पाऊण कप पुरे." ती द्यायची ते दोन घोटांत संपायचं. मला वाटलं, पोर बापावर गेलीय, हात आखडता. नाहीतर इथं दूध महाग असेल. मागावं कसं? तीन दिवस मी तळाशी जाणारा चहा पीत होतो आणि "मस्त झालाय" म्हणत होतो.

मंगळवारी पाच नंबरच्या नळीत पहिल्यांदा वरून हिरवं दिसलं. ती जागा उघडी होती, दक्षिणेचं ऊन, बाजूला दलदल, रस्त्याखालून पाणी जायला एक मोरी. बाकी रस्त्यावर पाइनच्या झाडांची सावली. मी ओरडलो, "पाच नंबर, वरून पाव फूट."

"पाव," तिनं लिहिलं. पाव फूट चालण्यासारखं होतं. रात्रीच्या गारठ्यात तेवढं परत गोठतं.

बुधवारी तिथं हिरवं तिसऱ्या रेघेपर्यंत उतरलं होतं. मी ओरडलो, "पाच नंबर, वरून पाऊण फूट."

"ओके." मग हसून म्हणाली, "स्टेबल आहे. गुड."

स्टेबल म्हणजे काय ते मला कळलं नाही. मला खटकलं, की एका दिवसात दोन रेघा उतरल्या आणि ही गुड म्हणते. पण ती शिकलेली, मी आठवीवाला. गणित तिचं. मी झाकण लावलं आणि गाडीत बसलो.

दुपारी तिनं सही केली. संध्याकाळी लोइसबाई काचेचं भांडं भरून काहीतरी घेऊन आल्या. हॉटडिश म्हणतात. वर बटाट्याच्या गोळ्यांचं सोलिंग, म्हणजे रस्त्याच्या तळाशी दगड रचतात तसं, खाली खिम्याचा मुरूम, आणि मधे पांढरट रस. दिसायला आमच्या कामासारखं, चवीला बरं. मी दोनदा घेतलं, म्हणजे एकदा घेतलं आणि एकदा त्यांनी वाढलं. जेवताना त्या सारख्या खिडकीबाहेर बघत होत्या. जाताना अनघाचा प्लास्टरचा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी बोलल्या. मी विचारलं, काय म्हणाल्या? "म्हणाली, मी रात्री झोपेन, कारण तू मोजलंयस."

गुरुवार

सात वाजता, उजाडल्यावर, घर निघणार होतं. आम्ही आठला पाच नंबरपाशी पोचायचं होतं. साडेसातला अनघानं चहा ओतला. त्या सकाळी माझा घसा कोरडा पडला होता. मोठं ओझं निघणार असलं की माझं असंच होतं, पूर्वी रोलर घाटात चढवताना व्हायचं. कपात पाहिलं तर तळाला दोन घोट. आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहुणा असून मी मागितलं.

"अनघा, जरा जास्त दे गं. रोज पाऊण सांगतो, तू एवढासाच देतेस."

"पाऊणच दिला मामा. हे बघ. वन फोर्थ."

"हा पाव झाला."

"हो ना. पाऊण. पाव. सेमच ना? जसं तुम्ही एक आणि येक म्हणता."

मी कप खाली ठेवला. खिडकीतून रस्ता दिसत होता, पांढरा, शांत.

"पाऊण म्हणजे तीन पाव, बाळा."

ती हसायला लागली होती. हसू अर्धवट राहिलं.

"काल पाच नंबरला तू काय लिहिलंस?"

तिनं टॅब उघडला. पॉइंट टू फाइव्ह. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. तिच्या गणितानंही तेवढंच सांगितलं होतं, म्हणून तिला शंका आली नाही. जे शब्द माहीत नव्हते ते तिनं विचारले होते. हा तिला माहीत होता, असं तिला वाटलं होतं.

मी माझी वही आणली. प्रवासात मी रोज दोन ओळी लिहितो. आकडे मी आमच्या जुन्या मुकादमांनी शिकवले तसे मांडतो: शून्य आणि पुढे उभ्या रेघा, एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. बुधवारपुढे होतं, "५ नंबर ०॥।". तिनं बोट ठेवून रेघा मोजल्या. एक, दोन, तीन. तिचा चेहरा उतरला.

कर्टला फोन लावला. इंजिनाच्या आवाजात तो उचलेना. परत लावला. नाही. मग लोइसबाईंना लावला. त्या स्वतःच्या लाल पिकअपमध्ये मिरवणुकीच्या सगळ्यात पुढे होत्या, घर मागून सावकाश येत होतं. त्यांना चर्च दिसायला लागलं होतं. चर्च चार नंबरच्या पुढे. तिथून पाच नंबर हाकेच्या अंतरावर.

अनघा भराभर बोलली. मग थांबली, फोन कानाला तसाच, आणि मला म्हणाली, "मामा, ती एकच विचारतेय. तुम्हाला खात्री आहे का?"

हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारलेला नाही. मला नेहमी सांगितलं जातं. मी वहीकडे पाहिलं. मी चुकलो असलो तर? रेघ मोजताना डोळ्यांत थंडीचं पाणी होतं, ते खरं. पण नऊ इंची सोलिंग मी जन्मभर घातलंय. पाऊण फूट म्हणजे केवढं, हे माझ्या हाताला झोपेतही कळतं.

"आहे," मी म्हटलं.

अनघानं सांगितलं. फोन बंद झाला.

आम्ही पोचलो तेव्हा जे दिसलं ते मी विसरणार नाही. पांढऱ्या रस्त्यावर एक दुमजली पिवळं घर उभं, खिडक्यांना पडदे तसेच, पोर्चवर खुर्ची दोरीनं बांधलेली. आणि त्याच्या पुढे आडवी लावलेली लाल पिकअप. लोइसबाईंनी स्वतःच्याच घराची वाट अडवली होती. त्या पिकअपला टेकून उभ्या होत्या आणि कर्ट त्यांच्यासमोर हातवारे करत होता.

आम्हाला पाहून तो आमच्याकडे वळला. त्याचं बोलणं अनघानं मला नंतर सांगितलं. "काल म्हणता जा, आज म्हणता थांब. मोजलं कुणी? ह्या मम्मानं?" मी मागे सरकलो. तेवढ्यात लोइसबाईंनी येऊन माझा हात कोपरापाशी धरला आणि सोडला नाही. तशाच मला घेऊन पाच नंबरपाशी चालत गेल्या. कर्टही आला.

मी गुडघ्यांवर बसून झाकण उघडलं. नळी वर येईना, हात निसटत होता. मनात एकच: देवा, हिरवं असू दे. मग वाटलं, पांढरं असू दे, घर तरी जाईल. काय मागावं तेच कळेना. नळी वर आली. अगदी वरचं बोटभर रात्रीच्या गारठ्यानं पांढरं. त्याखाली हिरवं, हिरवं, हिरवं, तिसऱ्या रेघेच्याही खाली. या वेळी अनघानं नुसतं ऐकून लिहिलं नाही. खाली वाकून स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं.

कर्ट नळीकडे बघत काही पुटपुटला, पटल्यासारखा दिसला नाही. तेवढ्यात समोरून दुधाचा टँकर आला. बंदी अजून लागली नव्हती, त्यामुळे तो नेहमीसारखा आला आणि मोरीवरून गेला. त्याच्या मागच्या चाकांखाली रस्ता गादीसारखा दबला, आणि चाक पुढे सरकलं तसं भेगांतून मातकट पाणी बुडबुडत वर आलं. आवाजही झाला, ओलं फडकं पिळल्यासारखा. टँकर निघून गेला. पाणी डांबरावर पसरत राहिलं.

कर्टनं टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि मागे जाऊन घर चर्चच्या मैदानाकडे वळवायला लागला. त्या मैदानावर पाइनची दाट सावली होती, खडी घातलेली, खाली अजून दगडासारखं. घर आत जायला दोन तास लागले. त्या दोन तासांत मी एकदाही खाली बसलो नाही.

दुपारी अनघानं बंदी जाहीर केली. साहेबांना फोनवर तिनं काय सांगितलं ते मला इंग्रजीतही कळलं: चूक माझी, मी वाचलं नाही, ऐकलं. गाडीत तिनं टॅब मागच्या सीटवर ठेवला. मग म्हणाली, "मी विचारायला हवं होतं."

"मी चहा मागायला हवा होता," मी म्हटलं.

चर्चचं मैदान

शनिवारी मी निघणार होतो. लोइसबाईंना तोंड कसं दाखवायचं हे मला समजेना. मी बुधवारी एक शब्द नीट विचारला असता तर घर जोत्यावरून उचललंच नसतं. आता ते ना इकडचं ना तिकडचं, मे महिन्यापर्यंत देवळाच्या दारात चाकांवर. लोइसबाई मुलीकडे पाहुण्या. पाहुणं असणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

बूट परत करायला गेलो तर त्या घरातच होत्या. शिडी लावून वर गेलेल्या. आम्हालाही बोलावलं. स्वयंपाकघर जमिनीपासून पुरुषभर उंच, ना वीज ना पाणी, पण टेबलावर टेबलक्लॉथ घातलेला. बूट मी पुढे केले. त्यांनी ते पायानं माझ्याकडे परत सरकवले. थर्मासमधून कॉफी ओतायला लागल्या. मी तोंड उघडणार, तोच त्या अनघाकडे बघून काही बोलल्या आणि दोघी हसल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, ह्याला विचारू नका किती. भरा."

कप काठोकाठ भरला. कॉफी कडू होती. मी सगळी प्यायलो.

मग त्यांनी खिडकीतून दिशा दाखवत अनघाला सांगितलं, तिनं मला: "ती म्हणते, शब्द बुधवारीच कळला असता तर घर आज काठावर असतं. बर्फ सुटला की काठ जातो. इथं तरी ते काठावर नाही." हे त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या की खरंच, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मेअखेरीस भोरला अनघानं फोटो पाठवला. पिवळं घर शेतात, नव्या जोत्यावर. पोर्चवरची खुर्ची सोडलेली. पण रस्त्यापासून दारापर्यंत नुसता चिखल, त्यावर फळ्या टाकलेल्या आणि लोइसबाई एका फळीवर तोल सांभाळत उभ्या. तो चिखल मी रोज बघतो.

ते बूट मी तेल लावून ठेवलेत. पुन्हा येईन तेव्हा तेच घालून येईन. लोइसबाई, रस्त्यापासून तुमच्या दारापर्यंतची वाट मी तुम्हाला माझ्या हातानं करून देणार आहे. पाणी कोंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना चर, वर दाबलेला मुरूम, आणि खाली पाऊण फूट सोलिंग. केवढं ते अनघाला विचारा, तिला आता येतं.